जास्तीचं पान

आधी माफी मागून टाकते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. काका म्हणायचे, "आपलं आपण लिहून ठेवावं गं बाय. नाहीतर दुसरा कुणीतरी उंबऱ्यावर उभा राहून घाईघाईत लिहितो, आणि मग आपण कायमचे तसेच राहतो." म्हणून लिहिते. त्यांचं आडनाव मात्र लिहीत नाही. माझ्या हातून त्यात चूक झाली तर त्यांना चालणार नाही. ते गेलेत, पण चालणार नाही हे नक्की.

मी त्यांच्याकडे चपाती-भाजी करायला जायचे. मुलुंडला, पूर्वेकडे, मिठागरांच्या बाजूची जुनी इमारत, तिसरा मजला. पहिल्या दिवशी दार वाजवलं तर आतून "कोण?" असं आलं नाही. "किती जणं?" असं आलं.

मी म्हटलं, "एकटीच. कामाला आलेय."

त्यांनी दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या डाव्या हाताच्या बाजूला खाली, गुडघ्याच्या उंचीला बघितलं. "बरं," म्हणाले, "या आत."

मी मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. मला कुणाला काही विचारायची सवय नाही, मी गप्प आत गेले. पण त्या दिवशी चपात्या करपल्या. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना वारला होता, नुकता बोट धरून चालायला लागला होता तेव्हा. त्या इमारतीत हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रोजच असं. "किती जणं?" "एकटीच." आणि ती खाली जाणारी नजर. सोडून द्यावं काम, असं मनात यायचं. पण दुसरीकडे बाया डोक्यावर उभ्या राहून बडबड करतात. हे बडबड करत नसत. निदान माझ्याशी नाही.

काका शाळामास्तर होते. तरुणपणी जनगणनेच्या कामाला त्यांना पाठवलं होतं, घरोघर फिरून माणसं लिहायला. तेव्हापासून ते वेड लागलं ते सुटलंच नाही. दारात गेले की आधी चपला मोजायचे. घरातला माणूस सांगणार पाच, चपला असणार सात जणांच्या. "मग मी विचारायचो, हे दोघं कोण? तर लोक रागवायचे. एकीने तर अंगावर पाणी टाकलं. तिचा नवरा आणि दीर बुडाले होते. चपला टाकवत नव्हत्या तिला." हे सांगताना ते हसायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर सगळी पेन्शन खानेसुमारीवर गेली. खानेसुमारी म्हणजे जुन्या काळची गणती. घर कुणाचं, माणसं किती, गुरं किती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचे मोडीतले कागद. कचेऱ्यांतून, खोतांच्या माळ्यांवरून, कुठून कुठून नकला करून आणलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात डबेच डबे होते. मला वाटलं म्हाताऱ्याने शिधा भरून ठेवलाय. डाळ काढायला एक उघडला तर आत पिवळे कागद.

"झाकण लाव!" बाहेरच्या खोलीतून ओरडले. "गाव आहे त्यात. वारा लागेल."

"मग डाळ?"

"डाळ पिशवीत ठेव. डाळीला काय, ती कुठेही राहते."

लोक त्यांच्याकडे लांबून यायचे. बोरिवलीहून, मालाडहून, पार पार्ल्याची शिकलेली माणसंसुद्धा. कुणाला दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी, कुणाला नुसतंच कळायला हवं. आणि नोंद सापडायची नाही, कारण आडनाव भलतंच लिहिलेलं. सांगणारा कोकणातला, तोंडात तंबाखू. लिहिणारा घाटावरचा, त्याने ते नाव जन्मात ऐकलेलं नाही. मग काका गॅलरीत येरझारा घालत आणि ते आडनाव सगळ्या तऱ्हांनी म्हणत. "धुरी. दुरी. ढुरी. धोरी." गुरं परतायच्या वेळी आमच्या गावी हाळी घालतात ना, तसं, लांबवून. खालची पोरं चाळे करायची, वरून त्यांना साद द्यायची. काकांना त्याचं काही नाही.

"हाक चुकली तरी ज्याची आहे तो वळतो," म्हणायचे.

म्हणता म्हणता मध्येच थांबायचे. मान जराशी तिरकी करायचे. "हां, हां, आलो," असं अगदी हलक्या आवाजात बोलायचे आणि आत जाऊन एकदम एकच डबा काढायचे. नोंद त्यातच असायची. "हां, आलो" हे कुणाला, ते बघायला मी कधी गॅलरीत गेले नाही. मी परातीकडे बघायचे.

पैसे घेत नसत. अट एकच. सापडलेल्या माणसाच्या नावाने म्हाळाला पान ठेवायचं. पितृपक्षातल्या श्राद्धाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. जेवढी गेलेली माणसं तेवढी पानं वाढायची, बाहेर ठेवायची, कावळा शिवला की पोचलं. आणि प्रत्येकाला, मग तो डॉक्टर असो नाहीतर रिक्षावाला, काका पहिला प्रश्न तोच विचारायचे, "तुमच्याकडे म्हाळाला पानं किती मांडतात?" कागदावरची माणसं आणि घरातली पानं जुळली तरच ते नोंद खरी मानायचे. "कागद परका माणूस लिहितो," म्हणायचे. "पानं घरची बाई वाढते."

नोंद सापडली की त्या दिवशी ते स्वतःही गॅलरीच्या कठड्यावर भात ठेवायचे. त्यामुळे इमारतीला कावळे फार. पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाई एकदा तावातावाने वर आल्या.

"काका, तुमच्या पितरांनी माझ्या गाडीची वाट लावली! काल धुतली होती."

"माझे नाहीत ते," काका शांतपणे म्हणाले. "ते मालाडवाल्यांचे. त्यांचा नंबर देऊ?"

सेक्रेटरीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला हसू आलं होतं, मी पदर तोंडात धरला.

पण त्यांचे स्वतःचे पितर, ती गोष्ट वेगळी.

भिंतीवर एकच फोटो होता, त्यांच्या आजोबांचा. टोपी, मिशा, आणि एका नाकपुडीवर बारीकसा डाग. मी तो पुष्कळ वेळा फडक्याने घासला. तो डाग नव्हता, भोक होतं. टोचलेलं नाक.

हे आजोबा त्यांना कुठेच सापडले नव्हते. अख्ख्या जगाचे पणजोबा शोधून देणाऱ्या माणसाला स्वतःचा आजा सापडत नव्हता. घराची नोंद होती. घरधनी, बायको, एक म्हातारी विधवा, सहा गुरं. बस. आजोबा तेव्हा लहान असायला हवे होते. पण त्या घरात पोर एकही लिहिलेलं नव्हतं. काकांनी आपलं आडनाव जितक्या तऱ्हांनी बिघडेल तितकं बिघडवून बघितलं. आसपासच्या गावांचे डबे उपसले. मी ऐकलंय त्यांना गॅलरीत हाका मारताना. दुसऱ्यांसाठी मारायचे तशी ती हाक नसायची. आवाज कापायचा आणि शेवटी "हां, आलो" कधीच यायचं नाही.

एकदा भाजी चिरताना सगळं सांगितलं मला. आजोबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणे. मग साथ आली, आईबाप दोघं गेले, आणि पोराला कुणीतरी मामाने मुंबईला आणून गिरणीत लावलं. "यापलीकडे काही नाही. जो मोजलाच गेला नाही तो आला कुठून? आणि त्याच्यापासून मी आलो, तो कुठून? मला मूल नाही गं. लग्नच केलं नाही. मी गेलो की जायचं कुणात? तिकडे गेल्यावर पण विचारणारच ना, किती जणं, कुणाचा कोण? मी काय सांगू?"

सर्वपित्री अमावस्येला त्यांची सगळी पानं मीच वाढायचे, आणि ती ओळीने कठड्यावर ठेवली जायची. वडिलांचं, आईचं, आत्याचं. कावळे यायचे, ती पानं उडवायचे. आजोबांचं पान तसंच राहायचं. संध्याकाळपर्यंत भाताला हात लागलेला नसायचा. मी ते उचलायला जायचे तेव्हा बघायचे, शेजारच्या पानांवर मुंग्यांची रांग असायची आणि त्या पानाला वळसा घालून पुढे गेलेली असायची.

मी एकदा म्हटलं, "काका, दर्भाचा कावळा करून लावतात ना, तसं करूया?"

"गवताच्या कावळ्याने फसायला ते काय ऑफिस आहे?" फार चिडले.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. बिल्डरचा माणूस घरमालकांची यादी घेऊन आला आणि जिन्यात उभा राहून वाचायला लागला. तिसऱ्या मजल्याची नावं संपली, काकांचं आलंच नाही. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "टायपिंगमध्ये राहिलं असेल हो काका, उद्या घालून घेते." घातलंही त्यांनी. पण काका खुर्चीत बसले ते बसलेच. "सुरू झालं," म्हणाले.

त्यानंतर मी दार वाजवलं की "किती जणं?" यायचं बंद झालं. दार उघडायचे आणि विचारायचे, "मी दिसतो ना गं?" मी "हो" म्हणायचे. एके दिवशी मला उत्तर द्यायला जरा उशीर झाला, पिशवी जड होती, धाप लागली होती. तेवढ्यात त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. मला त्यांची नखं पांढरी झालेली दिसली.

त्याच दिवसांत घाटकोपरहून एक बाई आल्या. बँकेत होत्या, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. त्यांना मुलाच्या दाखल्यासाठी नोंद हवी होती. गाव ऐकून काका जरा हलले. त्यांचंच गाव, पण वाडी शेजारची, आडनाव दुसरं. त्या वाडीचा डबा माझ्या शेगडीच्या वरच्या फळीवर होता. रोज फोडणीचा धूर त्याला लागायचा.

नोंद पटकन सापडली. काका बोट ठेवून वाचत गेले. घरधनी, बायको, मुलगा, "आणि आणखी एक मुलगा, वय दोन."

"दुसरा मुलगा?" बाई म्हणाल्या. "छे! आमचे पणजोबा एकुलते. सगळ्या भावकीला माहितेय. एक जास्तीचा लिहिलाय बघा कुणीतरी."

"लिहिणाऱ्याची चूक असेल," काका म्हणाले. असं ते नेहमीच म्हणायचे. मग नेहमीसारखंच विचारलं, "तुमच्याकडे म्हाळाला पानं किती मांडतात?"

बाई हसल्या. "तेच तर! आमच्याकडे पण एक जास्तीचंच असतं. आजी मांडायची, मग आई, आता मी मांडते. कुणाचं ते विचाराल तर माहीत नाही. 'विकतच्या झिलाचा पान' म्हणायची आजी." झील म्हणजे मुलगा. "आणि गंमत सांगू? कावळा पहिला तिथेच येतो. बाकीच्यांना मेलं ताटकळत ठेवतो."

मी चहा घेऊन आले होते. कप खाली ठेवायचा राहिला माझ्या हातात. काकांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, आणि मीही बघितलं.

ज्यांची मुलं जगत नाहीत ते पुढचं मूल शेजारच्या घरी विकतात. आमच्या गावातही विकायचे. नुसतं नावाला. शेजारीण दोन पैसे देते, मूल तिचं झालं, मग आईच ते दाई म्हणून सांभाळते. मुलाचं नाक टोचतात, मुलगी समजावं म्हणून. मरण दारात येऊन विचारतं, इथे पोर आहे का, तर घरची माणसं म्हणतात, नाही बा, आमचं नाही. पुढे मूल मोठं झालं, लग्नाला आलं, की आईबाप पैसे परत करून त्याला सोडवून आणतात. हे सगळं काकांना ठाऊक होतं. पण त्यांनी आयुष्यभर आपलं आडनाव शोधलं. बिघडलेलं शोधलं, पण आपलंच. ज्या दिवशी मोजणारा त्यांच्या पणजीच्या दारात आला, त्या दिवशी तिने त्यालाही तेच सांगितलं असणार. आमचं नाही. ती चूक नव्हतीच कुणाची.

आणि सोडवून आणायला कुणी उरलंच नाही.

"सोडवायचे पैसे किती होते?" काकांनी विचारलं. बोट अजून कागदावरच होतं.

बाईंच्या आता लक्षात आलं होतं. फटकळपणा गेला. "आजी पान ठेवताना पुटपुटायची," त्या हळू म्हणाल्या. "सवा रुपयो येवचो आसा, तवसर तो आमचोच." तवसर म्हणजे तोवर.

त्यांनीही फोटोकडे बघितलं. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे मी तुमच्या आजोबांना जेवू घालतेय, काका? आमची आजी, आई, मी?"

"म्हणून इथे उपाशी राहायचे," काका म्हणाले. "जेवूनच यायचे ते."

बाईंनी पर्स उघडली, बंद केली. "मग सव्वा रुपया काढा बघू!" असं म्हणून हसायला गेल्या, पण हसू फुटलं नाही.

आजोबांना सोडवून आणायला काकांनी सर्वपित्रीचा दिवस ठरवला. बाई म्हणाल्या, दोन रुपये द्या, विषय संपला. काका खवळले. "जास्त दिलं की दान होतं. कमी दिलं की गहाण राहतं. सव्वा म्हणजे सव्वा." रुपया होता. वरचे चार आणे कुठून आणायचे? ते नाणं बंद होऊन किती काळ लोटला. काकांनी मला पाठवलं. माझ्यासारखीला दुकानात काही मागायचं म्हणजे घाम फुटतो, आणि हे असलं मागायचं. वाणी म्हणाला, "काकू, चार आणे आता भिकारी पण अंगावर फेकतो." पूजेच्या सामानाच्या दुकानातला पोरगा "ऑनलाइन बघा" म्हणाला. देवळातल्या पुजाऱ्याने पेटी हलवून दाखवली, सगळे एक-दोन-पाचचे. मी तोंड लपवत घरी आले.

खरं तर पहिल्यापासून मला माहीत होतं की एक नाणं कुठे आहे. बारशाला माझ्या आईने माझ्या मुलाच्या मुठीत चार आण्याचं नाणं ठेवलं होतं. ते मी देवाच्या नारळाखाली ठेवलं होतं. चार दिवस मी त्या नारळाकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी काढलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

नाणं कुणाचं ते मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझ्या डाव्या बाजूला खाली बघून ते म्हणाले, "तुम्हा दोघांना चालेल ना?" मी मान हलवली.

त्या दुपारी आजोबांच्या पानाला कावळा शिवला का, ते आधीच सांगते. पान ठेवून माझा हात मागे यायच्या आत शिवला. पुढच्या वर्षी काका गेले. त्यांचं पान मी आमच्या चाळीच्या पत्र्यावर ठेवलं, तेव्हाही वाट बघावी लागली नाही. डबे माझ्याकडे आहेत. मला मोडी येत नाही. रात्री कधी वाजतात, ट्रक गेला असेल असं मी म्हणते. पण मला लिहायचं होतं ते सर्वपित्रीच्या सकाळचं.

घाटकोपरच्या बाई आल्या. आधी ड्रेसमध्ये आल्या होत्या, आज नऊवारी नव्हे पण सुती साडी, डोक्यावर पदर. काकांनी आतून विचारलं, "किती जणं?" कितीतरी दिवसांनी विचारलं.

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दोघं."

त्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. आत घरधनीण हवी होती, मुलगा पदरात घ्यायला. काकांच्या घरात बाई कोण? मीच. मी ना त्यांच्या नात्याची, ना गोत्याची. मी म्हटलं, "मला नाही जमायचं काका, मी कोण?" ते म्हणाले, "आई हो थोडा वेळ. तुला येतं ते." मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि पदर पसरला.

बाई आधी पैशासाठी हात पुढे करणार होत्या. काकांनी अडवलं. "आधी माणूस. पैसे आधी दिले तर पुन्हा विकत घेतल्यासारखं होईल. हा सोडवायचाय."

बाईंनी दोन्ही हात उचलले, कुणी निजलेलं मूल उचलतं तसे, मानेखाली एक आणि खाली एक. हात रिकामे होते. मी बघितले. त्यांनी ते उंबऱ्यावरून माझ्या पदरात उतरवले आणि म्हणाल्या, "घे गो बाय, तुझो झील. आमचेकडसून काय कमी पडूक नाय."

पदर खाली गेला. त्यात काही होतं असं मी म्हणत नाही. मी चौथी शिकलेली बाई, मी काय म्हणणार? पण मला दोन्ही हातांनी धरावा लागला, छातीशी घ्यावा लागला, आणि माझ्या गळ्यापाशी ऊब लागली. काका माझ्याकडे बघत होते. डोळे वाहत होते त्यांचे, आणि ते मोजत असल्यासारखे ओठ हलत होते.

त्यांनी रुपया बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी हात तसाच उघडा धरला. उरलेलं नाणं माझ्या पदराच्या टोकाला बांधलेलं, आणि मला हात सोडता येईना. काका जवळ आले. ती गाठ सोडवत राहिले. फार घट्ट मारली होती मी. शेवटी दातांनी सैल केली, नाणं काढलं, आणि रुपयाशेजारी ठेवलं.

बाईंनी मूठ मिटली.

"पोचले," त्या म्हणाल्या. "सव्वाच्या सव्वा."